अमेरिकेतला एफएसए, डेकेअर आणि ट्रेनचा पास: टॅक्सच्या आधी पैसे बाजूला कसे काढायचे

दिवाळी आटोपली की इंदूरहून तिकडे गेलेल्या पोरापोरींचे मेसेज सुरू होतात, ओपन एनरोलमेंट (पुढच्या वर्षाचे बेनिफिट निवडायची वेळ) आलंय, एफएसए (फ्लेक्सिबल स्पेंडिंग अकाउंट, टॅक्सच्या आधी पगारातून पैसे बाजूला काढायचं खातं) घेऊ का, त्यात न वापरलेले पैसे बुडतात म्हणे, ऑफिसातला एक जण म्हणतो फुल टाक, दुसरा म्हणतो हातच लावू नको. मी इथे इंदूरला बसून रात्रपाळीत अमेरिकन बेनिफिट क्लेमचंच काम करतो त्यामुळे घरातले तर विचारतातच, पण लोकमान्य नगरातल्या काकूंच्या जावयापर्यंत सगळे मलाच पकडतात. म्हणून एकदा सगळं लिहून टाकतो, हीच लिंक पाठवत जाईन.

आधी मुख्य गोष्ट. रक्कम ठरवताना लिमिट किती आहे ते बघायचंच नाही. पुढच्या वर्षी कुठली बिलं नक्की येणार आहेत ते बघायचं, ती जोडायची, आणि तेवढेच पैसे टाकायचे. ज्यांचे पैसे बुडतात त्यातल्या बहुतेकांनी लिमिट बघून आकडा भरलेला असतो.

आता हे आहे काय. पगारातून टॅक्स कापायच्या आधीच काही पैसे वेगळ्या खात्यात जातात, आणि त्या पैशांवर फेडरल इन्कम टॅक्स लागत नाही, सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन) आणि मेडिकेअरचा (म्हातारपणीचा सरकारी आरोग्य विमा) 7.65 टक्के कटही लागत नाही. तुम्ही 22 टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर शंभर डॉलरमागे 29 डॉलर 65 सेंट वाचले, जे एरवी गेलेच असते. एफ-1 (विद्यार्थी व्हिसा) वर ओपीटी (शिक्षणाला जोडून मिळणारी तात्पुरती नोकरी) करणाऱ्या पोरांचा सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरचा कट पहिली पाच वर्षं सहसा नसतोच, म्हणून त्यांची बचत फक्त इन्कम टॅक्सपुरती, म्हणजे कमी. राज्याचा टॅक्स प्रत्येक राज्यात वेगळा वागतो तो आपल्या राज्यापुरता बघून घ्या.

खाती तीन आहेत आणि तिघांचे नियम वेगवेगळे आहेत, कंपनीच्या बेनिफिट पोर्टलवर मात्र एकाच पानावर शेजारी शेजारी दिसतात आणि तिथेच सगळा घोळ होतो. खाली जे आकडे देतोय ते 2026 चे आहेत.

सोप्यापासून सुरू करू, ट्रेनचा पास. कम्यूटर अकाउंटमध्ये महिन्याला 340 डॉलरपर्यंत ट्रेन, बस, सबवे, फेरीसाठी, आणि वेगळे 340 डॉलर पार्किंगसाठी टाकता येतात. दोन्ही वेगळे, म्हणजे जो माणूस स्टेशनपर्यंत गाडीने जातो, तिथे गाडी लावतो आणि पुढे ट्रेनने जातो तो दोन्ही वापरू शकतो, स्टेशनजवळचं पार्किंग पण चालतं. चालत नाही ते असं: पेट्रोल, टोल, एकट्याने घेतलेली उबर, आणि घराखालचं पार्किंग. सायकलवाल्यांचा जुना फायदा 2018 पासून थांबवला होता, आता तो कायमचाच गेला.

ह्या खात्याचं चांगलं हे की वर्षभराचं बंधन नाही. दर महिन्याला आकडा बदलता येतो, बंद करता येतो, ह्या महिन्यात वर्क फ्रॉम होम जास्त झालं तर उरलेले पैसे पुढच्या महिन्यात जातात. पास 400 चा असेल तर 340 टॅक्सच्या आधी आणि वरचे 60 टॅक्स कापून झाल्यावर त्याच कार्डावर टाकायची सोय बहुतेक पोर्टलवर असते. एकच काळजी घ्यायची, पुढच्या महिन्याची ऑर्डर आदल्या महिन्यातच टाकावी लागते, शेवटची तारीख पोर्टलवर असते, ती फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका आणि विसरून जा. आणि पास स्वतःच्या क्रेडिट कार्डाने घेऊन मग बिल दाखवून पैसे मागू असं करू नका, ट्रान्झिटच्या बाबतीत जिथे कंपनीचं कार्ड किंवा व्हाउचर मिळतं तिथे रोख परत देता येत नाही. क्लेमच्या ढिगात अशा पावत्या कायम येतात आणि कायम परत जातात. कंपनीने हे दिलंच नसेल तर विचारा, न्यूयॉर्क शहरात 20 किंवा जास्त फुल-टाइम नॉन-युनियन कर्मचारी असले की कंपनीला हे द्यावंच लागतं, 2016 पासून तसा नियम आहे, न्यू जर्सीतही 20 कर्मचाऱ्यांपासून पुढे सक्ती आहे.

आता दवाखान्याचं खातं, हेल्थ एफएसए, ज्याची सगळ्यात जास्त भीती आणि खरं तर सगळ्यात जास्त मजा. लिमिट 3,400 डॉलर, प्रत्येक नोकरदाराला, म्हणजे नवरा-बायको दोघं नोकरीत असतील तर आपापल्या कंपनीत दोघंही घेऊ शकतात. नवऱ्याच्या खात्यातून बायकोचं, पोरांचं बिल चालतं. ह्यात पैसे 1 जानेवारीलाच पूर्ण उपलब्ध असतात. नीट वाचा, पूर्ण. तुम्ही वर्षाला 2,600 सांगितले, पगार दर दोन आठवड्यांनी, म्हणजे प्रत्येक वेळी 100 कापले जाणार, पण जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात रूट कॅनाल आणि कॅपचं 2,600 चं बिल आलं तर पूर्ण मिळतं, तुमचे शंभर-दोनशेच कापलेले असले तरी. आणि मार्चमध्ये नोकरी बदलली तर कंपनी उरलेले पैसे तुमच्याकडून परत मागू शकत नाही, कायदाच तसा आहे. काही जणांना हे चोरी केल्यासारखं वाटतं, आपले संस्कार आडवे येतात, पण उलट बाजूने तुमचे पैसे उरले तर ते कंपनीकडेच राहतात, त्यामुळे मनाला लावून घेऊ नका.

उरलेल्या पैशांचं काय ते कंपनीच्या प्लॅनवर आहे. एक तर 680 डॉलरपर्यंत पुढच्या वर्षात जातात (कॅरीओव्हर), नाही तर 15 मार्चपर्यंत खर्च करायला जास्तीचा वेळ मिळतो (ग्रेस पीरियड), दोन्ही एकत्र मिळत नाही आणि काही कंपन्या ह्यातलं एकही देत नाहीत. प्लॅनच्या कागदात हा एक शब्द शोधा, कॅरीओव्हर की ग्रेस पीरियड. कॅरीओव्हर असेल तर मग पहिल्या वर्षी पाच-सहाशे डॉलर बिनधास्त टाका, बुडायची शक्यता जवळपास नाहीच.

काय चालतं ह्याची यादी लोकांना वाटते त्यापेक्षा बरीच मोठी आहे. डॉक्टरची कोपे (दर भेटीला द्यायची ठरावीक रक्कम), डिडक्टिबल (विमा पैसे द्यायला लागायच्या आधी खिशातून भरायची रक्कम), नंबरचा चष्मा, कॉन्टॅक्ट लेन्स, दातांचं सगळं, ब्रेसेस, ब्रेस्ट पंप, थर्मामीटर, बँडेज, एसपीएफ 15 आणि वरचं सनस्क्रीन. 2020 पासून सर्दी-तापाच्या साध्या गोळ्या चिठ्ठीशिवाय चालतात आणि सॅनिटरी पॅड पण चालतात, हे कितीतरी बायकांना माहीतच नसतं, वहिनी लोकांनो, हे फार्मसीतून दर महिन्याला घेताच ना, मग त्याच कार्डाने घ्या. चालत नाही: टूथपेस्ट, दात पांढरे करणं, जिम, उगाच घेतलेल्या व्हिटॅमिनच्या बाटल्या, इन्शुरन्सचा प्रीमियम.

ह्यातला इंदूरवाल्यांच्या कामाचा भाग म्हणजे भारतात घेतलेला उपचार. हो, चालतो. उपचार तिथे आणि इथे दोन्हीकडे कायदेशीर असला की झालं, त्यामुळे डिसेंबरात सुट्टीवर इंदूरला येणार असाल आणि खात्यात पैसे उरले असतील तर गीता भवन किंवा पलासियाच्या डेंटिस्टकडे दातांची कामं उरकून घ्या, मात्र तारीख 31 डिसेंबरच्या आत हवी (ग्रेस पीरियड असेल तर वेगळं). इथे आजारी पडून इथेच औषध घेऊन इथेच खाल्लं तर ते चालतं, पण वर्षभराच्या गोळ्यांचं पाकीट बॅगेत भरून तिकडे नेलं तर तो बाहेरून आणलेला माल, तो चालत नाही. विमानाचं तिकीट टाकायचा विचार मनात आला असेल तर सोडून द्या, तुम्ही आईच्या हातचं खायला आलात, दात हे निमित्त.

खरी अडचण येते ती बिलाची. आपल्याकडचं बिल बघा कसं असतं: लेटरहेडवर पेनाने "आरसीटी + कॅप, 14,000, पेड" आणि खाली एक गोल शिक्का, तारीख आहे का तर आहे, पण अशी लिहिलेली की 8 आहे की 3 ते डॉक्टरलाच माहीत, आणि पेशंटच्या नावाच्या जागी "बेबी" किंवा "मिसेस जोशी". हे तिकडच्या माणसाने उघडलं की पहिल्या मिनिटात परत. बिलावर पाच गोष्टी हव्यात: पेशंटचं पासपोर्टवरचं पूर्ण नाव, उपचार कुठल्या तारखेला झाला, कुठला उपचार ते साध्या इंग्रजीत, डॉक्टर किंवा क्लिनिकचं नाव-पत्ता, आणि रक्कम. तारीख 03/12 अशी लिहू देऊ नका, तिकडे ती 12 मार्च होते, महिना अक्षरात लिहायला सांगा. रिसेप्शनवरच्या मुलीला निघायच्या आधीच सांगा, भिया प्रिंट वालं बिल दे दो, बहुतेकांच्या कंप्युटरवर असतंच, मागितलं तरच देतात. त्या दिवशीचा डॉलरचा भाव किती होता त्याचा स्क्रीनशॉट जोडा. आणि पैसे स्वतःच्या कार्डाने भरा, आपल्याकडे बाबा लोक काउंटरवर पोराला पाकीट काढूच देत नाहीत, यूपीआय करून मोकळे होतात, मग क्लेममध्ये बिल एकाच्या नावाचं आणि पेमेंट दुसऱ्याच्या फोनवरून.

बाबांवरून आठवलं, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो: आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन माझ्या एफएसएमधून होईल का. नाही. भारतात राहणारे, भारतीय नागरिक असलेले आई-बाबा अमेरिकन टॅक्सच्या हिशेबात तुमचे डिपेंडंट होत नाहीत, त्यासाठी माणूस अमेरिकेचा नागरिक किंवा रेसिडेंट, नाही तर कॅनडा-मेक्सिकोचा रेसिडेंट लागतो. तुम्ही दर महिन्याला घरी किती पैसे पाठवता ह्याचा इथे काही संबंध नाही.

एक इशारा एचएसएवाल्यांना (हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंट, नोकरी सुटली तरी आपलंच राहणारं दवाखान्याचं खातं). हाय डिडक्टिबल प्लॅन घेऊन एचएसए उघडला असेल तर साधा हेल्थ एफएसए घेता येत नाही, आणि फक्त तुमचाच नाही, बायकोच्या कंपनीतला तिचा साधा एफएसए सुद्धा तुमचा एचएसए अडवतो कारण तिच्या खात्यातून तुमची बिलं निघू शकतात. दात-डोळ्यांपुरता लिमिटेड पर्पज एफएसए मात्र चालतो. दोघांनी एनरोलमेंट एकाच संध्याकाळी शेजारी बसून करावं, आपापल्या ऑफिसातून परस्पर केलं की हाच गोंधळ होतो.

तिसरं खातं लेकरांचं, डिपेंडंट केअर एफएसए. आधी मर्यादा 5,000 होती, 1986 च्या कायद्यापासून तशीच अडकलेली, ती 2026 पासून घरटी 7,500 झाली, नवरा-बायको वेगवेगळं रिटर्न भरत असतील तर प्रत्येकी 3,750. घरटी म्हणजे दोघांचं मिळून, हेल्थ एफएसएसारखं दोघांना वेगळं नाही. कंपनीने आपला प्लॅन बदलून 7,500 केलाय का ते आधी बघा, तो आपोआप बदलत नाही. तान्ह्या बाळाच्या डेकेअरचे तिकडचे दर ज्यांनी बघितलेत त्यांना सांगायला नको की एवढे पैसे वर्ष संपायच्या आतच संपतात, त्यामुळे इथे बुडायची भीती बाळगायचं कारण नाही, पूर्ण टाका. हे एकच खातं जिथे मी लिमिटपर्यंत जा म्हणतो, कारण इथे बिलंच लिमिटच्या वर असतात.

पण आधी बसता का ते बघा. मूल 13 वर्षांच्या आतलं हवं, आणि आई-बाप दोघंही कमावते हवेत, किंवा नोकरी शोधत असलेले, किंवा फुल-टाइम शिकणारे. आपल्या कितीतरी घरांत बायको एच-4 (एच-1बीवाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) वर आहे, ईएडी (काम करायचं परवानगीपत्र) नाही, घरी आहे, आणि मूल तीन तास प्रीस्कूलला जातं, तर त्या प्रीस्कूलच्या फीसाठी हे खातं चालत नाही. कमाई तिची शून्य म्हणून सूटही शून्य. ती फुल-टाइम शिकत असेल तर सरकार तिची कमाई एका मुलासाठी महिना 250 डॉलर धरतं, दोन किंवा जास्त मुलांसाठी 500, म्हणजे नऊ महिने कॉलेज असेल तर एका मुलामागे 2,250 च्या वर जाता येत नाही. हे फॉर्म भरताना कोणी विचारत नाही, पोर्टल गपचूप 7,500 घेतं आणि पुढच्या वर्षी रिटर्न भरताना तेवढी रक्कम पगारात परत धरून त्यावर टॅक्स भरावा लागतो.

खर्च कुठला चालतो: डेकेअर, प्रीस्कूल, शाळेच्या आधी-नंतरची केअर, उन्हाळ्यातला दिवसभराचा कॅम्प. रात्री मुक्कामाचा कॅम्प नाही, केजी आणि पुढच्या शाळेची फी नाही, भरतनाट्यम आणि गणिताचे क्लास नाहीत. ट्रिक अशी की मूल सांभाळलं जातंय म्हणून तुम्ही कामावर जाऊ शकता असा खर्च हवा, शिकवणं हा मूळ हेतू असेल तर नाही. सांभाळणाऱ्याचं नाव, पत्ता आणि टॅक्स नंबर रिटर्नसोबतच्या फॉर्म 2441 मध्ये भरावा लागतो, म्हणून रोख पैसे घेणारी शेजारची मावशी, जी नंबर देत नाही, ती इथे उपयोगाची नाही, पहिल्याच महिन्यात विचारून घ्या, एप्रिलमध्ये ती फोन उचलत नाही. बाळाचा सोशल सिक्युरिटी नंबर किंवा आयटिन (तो नंबर मिळत नाही त्यांचा टॅक्स नंबर) पण त्याच फॉर्मवर लागतो.

आणि आजी? इंदूरहून आजी सहा महिन्यांसाठी गेली, बाळ तीच सांभाळते, मग तिला पैसे दिले असं दाखवून क्लेम करू, ही आयडिया दर वर्षी कोणाला तरी सुचते. आजी व्हिजिटर व्हिसावर आहे, तिला तिकडे काम करून पैसे घ्यायची परवानगीच नाही. दोन-अडीच हजार डॉलर टॅक्स वाचवायला आईचा व्हिसा धोक्यात घालू नका, तिला साडी घ्या, फिरायला न्या, कागदावर आणू नका. उलट आजी येणार असेल तर त्या सहा महिन्यांचं डेकेअर वजा करून रक्कम ठरवा.

ह्या खात्यात पैसे जेवढे जमा झाले तेवढेच मिळतात, जानेवारीत पूर्ण मिळत नाहीत, 7,500 ला 26 पगारांनी भागा, दर पगाराला 288 डॉलर 46 सेंट जमा होतात आणि तेवढेच निघतात. बिल मोठं टाका, उरलेलं पोर्टल पुढच्या पगारांना आपोआप देत राहतं. रिटर्न भरताना मिळणारं चाइल्ड केअर क्रेडिट वेगळं आहे पण त्याची खर्चमर्यादा एका मुलाला 3,000 आणि दोन किंवा जास्त मुलांना 6,000, त्यातून ह्या खात्याचे पैसे वजा होतात, म्हणजे 7,500 टाकले की क्रेडिटमध्ये काही उरत नाही. 22 टक्केवाल्यांना खातं जास्त परवडतं. वर्षअखेरीला डब्ल्यू-2 च्या (कंपनीकडून मिळणारा वर्षाच्या पगाराचा फॉर्म) 10 नंबरच्या डब्यात ही रक्कम दिसते का तेवढं तपासा.

आता एक हिशेब करून बघा म्हणजे डोक्यात बसेल. न्यू जर्सीतल्या एडिसनला राहणारं जोडपं, दोघं नोकरीत, एक बाळ, एक जण ट्रेनने मॅनहॅटनला जातो. डेकेअर 7,500, ट्रेनला महिना 300 म्हणजे वर्षाचे 3,600, आणि दवाखान्याची नक्की माहीत असलेली बिलं, दोन चष्मे, डॉक्टरची कोपे, एक दाताचं काम, मिळून 1,200. एकूण 12,300. त्यावर 29.65 टक्के म्हणजे सुमारे 3,650 डॉलर वाचले, इंदूरच्या तिकिटांना बराच हातभार. ह्यात राज्याचा टॅक्स धरलेला नाही.

निवडायची वेळ साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबर, नवीन नोकरी लागली की बहुतेक प्लॅनमध्ये पहिले 30 दिवस. एकदा ठरवलं की हेल्थ आणि डेकेअरचे आकडे वर्षभर बदलत नाहीत, लग्न झालं, बाळ झालं, जोडीदाराची नोकरी गेली-लागली तरच, आणि तेही सहसा 30 दिवसांच्या आत कळवलं तर. बाळ झाल्यावर पहिला महिना कोणाला शुद्ध नसते, म्हणून हे काम आधीच एका मित्राला आठवण करायला सांगून ठेवा, बारशाच्या आधी फॉर्म गेला पाहिजे.

क्लेम करताना क्रेडिट कार्डाचं स्टेटमेंट पाठवू नका, त्यात उपचार काय झाला ते नसतं. इन्शुरन्स कंपनीकडून येणारं ईओबी (कुठला उपचार, किती बिल, तुमच्या वाट्याला किती ह्याचा कागद) पाठवा, त्यावर कोणी वाद घालत नाही. एफएसएचं कार्ड स्वाइप झालं म्हणजे काम झालं असंही नाही, नंतर पावती मागितली जाते, नाही दिली तर कार्ड बंद होतं, मेल स्पॅममध्ये पडलेली असते. आणि तारीख उपचाराची धरतात, पैसे भरल्याची नाही, 28 डिसेंबरला दात काढला आणि बिल जानेवारीत भरलं तर ते जुन्याच वर्षाचं.

नोकरी सोडताना किंवा कायमचं इंदूरला परत येताना क्रम असा ठेवा. हेल्थ एफएसए शेवटच्या दिवसाच्या आत खर्च करा, चष्मा करून घ्या, दात दाखवून घ्या, त्या दिवसानंतरचा उपचार कोब्रा (नोकरी सुटल्यावर स्वतः पैसे भरून तोच प्लॅन चालू ठेवणं) घेतल्याशिवाय चालत नाही, जुन्या बिलांचे क्लेम मात्र प्लॅनच्या मुदतीत नंतरही टाकता येतात. ट्रान्झिटचं कार्ड आधीच्या दोन महिन्यांत रिकामं करत आणा, उरलेलं परत मिळत नाही. डेकेअरचे जमा झालेले पैसे काही प्लॅन वर्षअखेरपर्यंत वापरू देतात, एचआरला लेखी विचारा. एचएसए तुमचाच, तो बरोबर येतो. आणि लॅपटॉप परत करायच्या आधी पोर्टलवरचा ऑफिसचा ईमेल बदलून स्वतःचा टाका, बँक खातं चालू ठेवा, सगळ्या पावत्या डाउनलोड करा, नाही तर पासवर्ड रीसेटची लिंक त्या इनबॉक्समध्ये जाते जो तुम्हाला आता उघडता येत नाही.